तुरुंगातलं कॉलेज: फी शून्य, मग खर्च कशाचा?

झाशीच्या जिल्हा कारागृहातल्या वीस-पंचवीस बंद्यांना पदवीपर्यंत न्यायचं आणि त्यासाठी छोटी संस्था चालवायची, असं तुमच्या मनात असेल तर पहिला हिशेब ऐका. शिक्षणाची फी जवळजवळ लागत नाही. इग्नूने २०१० पासून कारागृहातल्या विद्यार्थ्यांचं शुल्क माफ केलं आहे. पैसे जातात ते कागद गोळा करण्यात, लखनौच्या फेऱ्यांत आणि एका माणसाच्या पगारात. आणखी एका वाटेने जातात: ज्याला फीच नाही त्याची ‘फी’ घेणाऱ्या मध्यस्थाच्या खिशात. हा शेवटचा खर्च पूर्ण टाळता येतो.

संस्था काढायलाच हवी का?

पहिलं वर्ष तरी काढू नका. आधीच नोंदणी झालेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करा. झाशीत नेवाळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत. राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं ते महाराष्ट्र गणेश मंदिर आजही गावात आहे. तुमच्या ओळखीत मराठी, बुंदेली, कुठलंही नोंदणीकृत मंडळ असेल तर त्याची घटना मागवा आणि उद्देशांच्या कलमात ‘शिक्षण’ आहे का ते बघा. असेल तर कार्यकारिणीचा एक ठराव, अध्यक्षांची सही आणि मंडळाचं पॅन कार्ड एवढ्यावर काम उभं राहतं. नसेल तर घटनादुरुस्ती करावी लागेल, आणि ती नवी संस्था काढण्याइतकीच वेळखाऊ असू शकते.

तरीही स्वतःची संस्था हवी असेल तर महाराष्ट्रातला अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. महाराष्ट्रात संस्था म्हटलं की धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय डोळ्यांपुढे येतं. तशी नोंदणी उत्तर प्रदेशात नाही. इथे सोसायटी काढायची तर किमान सात सभासद लागतात आणि अर्ज फर्म्स, सोसायटीज अँड चिट्सच्या निबंधकाकडे जातो. त्याचं विभागीय कार्यालय झाशीतच आहे, लखनौला जावं लागत नाही. ट्रस्ट करायचा तर विश्वस्तपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. सोसायटीतली छुपी मेख अशी की प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. नूतनीकरण चुकलं की दंड, आणि ते होईपर्यंत बँक खातं अडकतं. नोंदणी झाली त्याच दिवशी ती तारीख दोन वेगवेगळ्या लोकांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. संस्था महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर वेगळी काळजी: विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. तो राहिला की पुढच्या प्रत्येक कामाला ‘नोंदीवर तुमचं नावच नाही’ हे उत्तर मिळतं.

नोंदणीचं ‘पॅकेज’ विकणारे सल्लागार सगळा आकडा एकगठ्ठा सांगतात. त्याची फोड मागा: सरकारी शुल्क किती, मुद्रांक किती, मेहनताना किती. पॅन कार्डाला शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास लागतात. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी फुकट आहे. प्राप्तिकर खात्याकडचा १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जीचा (देणगीदाराला वजावट) अर्जही ऑनलाइन आणि विनाशुल्क. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, पण लोक अजून ‘८०जी आहे का?’ असंच विचारतात. दर्पण, १२ए आणि ८०जी या तिन्हींवर कोणी ‘सरकारी फी’ लावली असेल तर ते बिल परत करा. मेहनताना द्यायला हरकत नाही, फक्त त्याला मेहनतानाच म्हणा.

तुरुंगाच्या दारात

परवानगीला पैसे लागत नाहीत. एक रुपयाही नाही. संस्थेच्या लेटरहेडवर कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. त्यात चारच गोष्टी असू द्या: काय शिकवणार, आठवड्यातून किती दिवस, आत कोण येणार, किती महिने. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, घटना, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, आत जाणाऱ्या प्रत्येकाचं आधार, फोटो आणि पोलीस चारित्र्य पडताळणी जोडा. अधीक्षक तो अर्ज लखनौच्या कारागार मुख्यालयाकडे पाठवतील. महाराष्ट्रात तो पुण्याला, कारागृह व सुधारसेवा विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांकडे जातो. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. शिक्का नसेल तर सहा महिन्यांनी तुमच्याजवळ दाखवायला काहीच नसतं.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारा: १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. त्याच अर्जात या कारागृहात गेल्या तीन वर्षांत किती बंद्यांनी प्रवेश घेतला आणि किती जण परीक्षेला बसले तेही विचारून टाका. पुढे देणगीदारांना हाच आकडा लागतो. ‘वर साहेबांना भेटवतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. पैसे मागितले तर उत्तर प्रदेशात १०७६ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे, महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४.

आत जाताना फोन, पेनड्राइव्ह, स्मार्टवॉच, पैसे बाहेर ठेवा. बंद्याची चिठ्ठी बाहेर आणू नका, बाहेरची आत नेऊ नका, मग मजकूर कितीही साधा असो. एका स्वयंसेवकाच्या चुकीने सगळा वर्ग बंद होतो. पुस्तकांची यादी आधी द्या. तारेचं बाइंडिंग झडतीत अडू शकतं, म्हणून झेरॉक्सला दोऱ्याने शिवून घ्या.

अडतं ते ओटीपीपाशी

फी माफ असूनही प्रवेश का होत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. दूरस्थ शिक्षणाच्या प्रवेशाला आता यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा डेब-आयडी सक्तीचा आहे. तो काढायला एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो. एबीसी आयडीला डिजिलॉकर, डिजिलॉकरला आधार, आणि आधारचा ओटीपी येतो नोंदवलेल्या मोबाइलवर. बंद्याच्या हातात मोबाइल नसतो. आधारशी जोडलेला जुना नंबर तर अनेकदा बंदच पडलेला असतो.

म्हणून प्रवेशाच्या आधी दोन महिने हे काम हातात घ्या. प्रत्येकाचा आधारशी जोडलेला नंबर कुणाकडे आहे ते शोधा. आई, बायको, भाऊ यांच्यापैकी कुणाकडे असेल तर त्यांना नेमका दिवस आणि वेळ कळवा, कारण ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो. अर्ज कारागृहाच्या कार्यालयात, अधिकाऱ्यांसमोर, त्यांच्याच संगणकावर भरला जाऊ द्या. घरच्यांना आधी नीट समजावून सांगा. ओटीपी कुणालाही देऊ नका, असं बँकेने त्यांना घोकून घोकून शिकवलेलं असतं आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तुमचा फोन आला की ते घाबरणारच. फोन संस्थेच्या एकाच ठरलेल्या माणसाने करावा, त्याचं नाव तुरुंगातल्या भेटीत बंद्याने स्वतः घरच्यांना सांगितलेलं असावं.

नंबर बंद असेल तर आधारमध्ये तो बदलायला ७५ रुपये लागतात आणि बायोमेट्रिक अद्ययावत करायला १२५. आधारच नसेल तर नवी नोंदणी फुकट आहे, आणि बंद्यांसाठी कारागृहाने दिलेला प्रवेश-दस्तऐवज ओळखीचा पुरावा म्हणून चालतो. केंद्रावर एकेकाला बंदोबस्तात नेणं अवघड. जिल्हा प्रशासनाला पत्र लिहून कारागृहातच आधार शिबिर मागा. पंधरावीस नावांची यादी जोडलेलं पत्र एकट्या नावाच्या पत्राहून लवकर हलतं.

दुसरी गाठ नावाची. एफआयआरमध्ये एक स्पेलिंग, वॉरंटवर दुसरं, मार्कशीटवर तिसरं. विद्यापीठाला मार्कशीट आणि आधार जुळलेलं हवं, तुरुंगाच्या नोंदवहीतलं नाव काहीही असो. म्हणून आधार मार्कशीटप्रमाणे करून घ्या आणि तुरुंगातल्या नावाशी ते जोडणारं अधीक्षकांचं एक पत्र घ्या. राजपत्रात नाव बदलून देतो सांगून हजारो रुपये मागणारे इथे हमखास भेटतात. बहुतेकांना त्याची गरज नसते.

मार्कशीट हरवली असेल तर आधी डिजिलॉकर तपासा. तिथे नसेल तर ज्या बोर्डातून परीक्षा दिली त्याच बोर्डाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. झाशीत असलेला बंदी महाराष्ट्र बोर्डाचा असेल तर तो अर्ज पुणे, नागपूर अशा संबंधित विभागीय मंडळाकडे जातो. या कामाला नातेवाईक पाठवा, एजंट नको. अटकेच्या वेळी कागद पोलिसांनी जप्त केले असतील तर ते मुद्देमालात असतात आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुटत नाहीत. त्या अर्जाला वकील फुकट मिळतो: कोठडीत असलेल्या प्रत्येकाला १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० फिरवा.

कोणता अभ्यासक्रम

पदवी ऐकायला छान वाटते, पण जिल्हा कारागृहात कोण असतं ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२च्या अहवालात देशभर ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ७५.८ टक्के न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. उद्या जामीन झाला की बाहेर. लांब शिक्षेचे बंदी मध्यवर्ती कारागृहांत असतात. झाशीच्या वर्गात म्हणून दोन गट करा. कच्च्या कैद्यांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्या, ते हाती पडतात. तीन वर्षांची पदवी शिक्षाबंद्यांना आणि ज्यांचा खटला लांबणार असं त्यांचा वकील सांगतो त्यांना. बारावी नसेल तर आधी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात.

विद्यापीठ निवडताना मराठी वाचकाची एक चूक ठरलेली असते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं आणि महाराष्ट्रातल्या कारागृहांत त्याचे विद्यार्थी आहेत, तर झाशीच्या मराठी बंद्यालाही तिथेच घालू, असं वाटतं. जमत नाही. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला राज्याबाहेर दूरस्थ शिक्षण देता येत नाही. झाशीत दोनच वाटा: इग्नू, किंवा प्रयागराजचं राजर्षि टंडन मुक्त विद्यापीठ, ज्याचं प्रादेशिक केंद्र झाशीत आहे. माझं मत इग्नू. बंद्याची बदली आग्र्याला झाली, नागपूरला झाली, तरी प्रवेश तोच राहतो, फक्त अभ्यासकेंद्र बदलायचं. महाराष्ट्रातल्या बंद्यालाही, राज्याबाहेर बदलीची शक्यता असेल तर, मी हेच सांगेन. टंडन विद्यापीठाकडे जायचं तर शुल्कमाफी लागू आहे का ते लेखी घ्या.

इग्नूचं विशेष अभ्यासकेंद्र कारागृहातच असतं. तिहारमध्ये ते १९९४ साली सुरू झालं. झाशीत सध्या ते चालू आहे का, हे अधीक्षक कार्यालय आणि इग्नूचं लखनौ प्रादेशिक केंद्र, दोन्हीकडे विचारा. एकाचं ‘हो’ पुरेसं धरू नका. केंद्र नसेल तर मागणी कारागृहाकडून जावी लागते, तुमच्याकडून नाही. तुम्ही मसुदा तयार करून द्या, इच्छुकांची यादी जोडा, सही अधीक्षकांची.

शुल्कमाफीचं पत्र हाती आलं की त्यात चार गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे का बघा: परीक्षाशुल्क, फेरपरीक्षा, अभ्यासकेंद्र बदलणं आणि पदवी प्रमाणपत्र. ज्याचा उल्लेख नाही ते माफ नाही असं समजून पैसे बाजूला ठेवा. सुटका झाल्यावर पुढच्या वर्षांची फी विद्यार्थ्याला स्वतः भरावी लागेल, हेही आधीच धरा. तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. मधे वर्ष गेलं तर नाव काढून टाकण्याची घाई करू नका.

वेळेचाही हिशेब करा. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १,२०० तास, रोज सव्वातीन तास. संध्याकाळी बराकी बंद झाल्या की आत गर्दी, टीव्ही, मंद दिवा. २०२२मध्ये देशातली कारागृहं क्षमतेच्या १३१ टक्के भरलेली होती. म्हणून अधीक्षकांकडे पुस्तकांच्या कपाटाआधी उजेड असलेला एक कोपरा आणि दिवसाचे दोन तास मागा. कपाट देणारे नंतर भेटतात.

इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. त्याआधी स्वाध्याय जमा करायचे: जूनसाठी मार्चअखेर, डिसेंबरसाठी सप्टेंबरअखेर धरून चाला. मुदत वाढते, पण त्या भरवशावर राहू नका. बहुतेक विषयांत ३० टक्के गुण स्वाध्यायाचे असतात. जमा केल्याची पोच प्रत्येकाच्या नावाने घ्या, गठ्ठ्याची एकच पोच नको. परीक्षाकेंद्र आत नसेल तर न्यायालयाची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त लागतो. बंदोबस्ताचा खर्च कोण देणार ते आदेशातच लिहून घ्यायला वकिलाला सांगा, नाहीतर बिल घरच्यांकडे जातं.

आणि शिक्षेत सूट? महाराष्ट्रात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षाबंद्याला ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते. कच्च्या कैद्याला माफीचा प्रश्नच येत नाही. उत्तर प्रदेशात तेच मिळेल असं गृहीत धरू नका, आणि ‘डिग्री केलीस की लवकर सुटशील’ असं वर्गात चुकूनही बोलू नका.

पंचवीस विद्यार्थी, एक वर्ष

हा माझा अंदाज आहे, झाशीच्या भावाने थोडा वरखाली होईल. अर्धवेळ समन्वयक, महिना १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००. शिकवायला येणाऱ्यांचा प्रवास, महिन्याला आठ फेऱ्या, फेरीला ३००: वर्षाचे २८,८००. बुंदेलखंड विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक मानधन घेणार नाहीत, पण रिक्षाचे पैसे त्यांनी स्वतः घालावेत अशी अपेक्षा ठेवू नका. वह्या, पेनं, स्वाध्यायाचे कागद १५,०००. झेरॉक्स, शपथपत्रं, टपाल १२,०००. लखनौ सुमारे ३०० किलोमीटर, मुक्काम धरून वर्षात सहा फेऱ्या, १२,०००. आधार आणि मार्कशीट दुरुस्ती १०,०००. हिशेब तपासणी आणि विवरणपत्र २०,०००. सुटलेल्यांच्या पुढच्या फीसाठी राखीव ३०,०००. एकूण २,७१,८००, म्हणजे माणशी अकरा हजारांच्या आत.

यातला समन्वयकाचा पगार कापावासा वाटेल. तो कापू नका. ओटीपीच्या दिवशी चार घरांना फोन करणारा, बदली झाली की नव्या केंद्राला पत्र लिहिणारा माणूस तोच. राखीव निधीही कापू नका, कारण मार्चमध्ये जामिनावर सुटलेला मुलगा जूनच्या परीक्षेला बसतो की नाही, हे त्यावरच ठरतं. संगणक मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. आत ठेवायला वेगळी परवानगी लागते आणि तोवर तो कार्यालयात धूळ खातो.

पैसे कुठून

देणगीदाराला ८०जीची पावती देताना खरं सांगा: वजावट जुन्या करप्रणालीत राहिलेल्यालाच मिळते, नव्या प्रणालीतल्याला काहीही नाही. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर वजावट नाही. देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं, चुकलं तर दिवसाला २०० रुपये. हा दंड लहान संस्थांना सर्वांत जास्त लागतो, कारण ‘आपल्या दहाच तर देणग्या’ म्हणून कुणी लक्षच देत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरवर पहिली तीन वर्षं भिस्त ठेवू नका, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा मागतात. परदेशातल्या नातेवाइकांबाबत एक फरक पाठ करा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भावाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकी देणगी ठरत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. ओसीआय कार्डवाल्या मेहुण्याने दिलेले शंभर डॉलर मात्र परकी देणगीच. त्यासाठी परकी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते, आणि ती मिळायला तीन वर्षांचं अस्तित्व, त्या तीन वर्षांत कामावर १५ लाखांचा खर्च आणि दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत खातं असं सगळं लागतं. मेहुण्याचे आभार माना, पैसे घेऊ नका.

प्रस्तावात आकडा हवा म्हणून काहीजण अमेरिकेतल्या रँड संस्थेचा २०१३चा निष्कर्ष टाकतात: तुरुंगात शिकलेल्यांची पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी. निष्कर्ष खरा, पण तिथल्या कैद्यांचा. झाशीसाठी तो वापरला तर हुशार देणगीदार पहिला प्रश्न तोच विचारेल. त्यापेक्षा माहिती अधिकारातून मिळालेला तुमच्याच कारागृहाचा आकडा टाका, आठ असला तरी चालेल. बंद्यांचे फोटो आणि नावं अहवालात नकोत, चेहरा झाकूनही नकोत.

पत्त्याचं तेवढं विसरू नका. प्रवेशअर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता कारागृहाचा आणि कायमचा पत्ता घराचा द्या. सुटका किंवा बदली झाली की आठवड्याभरात पत्रव्यवहाराचा पत्ता बदलण्याचा अर्ज करा, समन्वयकाच्या डायरीत त्यासाठी वेगळं पान ठेवा. नाहीतर गुणपत्रिका तुरुंगात येते आणि विद्यार्थी तोवर ललितपूरला घरी पोहोचलेला असतो.